सोलापूर टाइम

मला घड्याळ हवं होतं, हे साफ खोटं. मला हवा होता एक पाहुणा, जो भिंतीकडं बघून विचारील, "हे तुम्ही केलं?"

म्हणून भंगारातल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क उघडली. तबकडीला मध्याजवळून कडेपर्यंत बारीक चीर पाडली, मागं एलईडी लावले. तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, सेकंदाला 120. चीर नेमक्या जागी आली की एलईडी क्षणभर पेटतात आणि डोळ्याला उजेडाचा स्थिर काटा दिसतो. वीज जुन्या एसएमपीएसची. हिरवी वायर काळीला जोडली की तो मदरबोर्डशिवायही सुरू होतो. पाहुण्यांना मी इथवर सांगतो, तोवर त्यांचा चहा संपलेला असतो.

म्हणून वेळ मोजणाऱ्या स्फटिकाचं राहूनच जातं. सेकंदाला 32,768 कंपनं. पंधरा वेळा निम्मी केली की उरतं एक, तोच आपला सेकंद. हा स्फटिक 25 अंशांना खुशीत असतो, तापला की मागं पडतो. सोलापूरचा मे त्याला काय मानवणार?

पण मागं पडण्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्या घड्याळात वाजतात ते मिर्झापूरजवळचे, 82.5 रेखांशावरचे. सोलापूर तिथून साडेसहा अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य 26 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. 1906 साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईत गिरणी कामगार खवळले होते, आणि 39 मिनिटं मागं असलेली मुंबईची वेळ 1955 पर्यंत तग धरून होती. मग सोलापूरनंच काय घोडं मारलंय? मी घड्याळाला बटण दिलं: 'सोलापूर टाइम'. ह्या वेळेनं निघालं तर सिद्धेश्वर एक्सप्रेस हमखास चुकते, पण सूर्याशी हिशेब चोख राहतो.

आमच्या अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भोंगा कुठाय ह्याला?"

अप्पा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. भोंगा झाला की आमच्या घरात चूल पेटायची, पोरं शाळेला पळायची. ज्याच्या घरात घड्याळ नाही, त्यालाही वेळ फुकट कळायची. अप्पांनी आयुष्यातलं पहिलं मनगटी घड्याळ घेतलं ते मिल बंद पडल्यावर, कुठल्याच पाळीला जायचं उरलं नव्हतं तेव्हा. अजून रोज किल्ली देतात. त्यांनी मागितलेल्या भोंग्याला मला नाही म्हणवेना.

कॅबिनेटमधला चिमुकला स्पीकर काढून अॅम्प्लिफायरला जोडला आणि त्याचं बटण स्वयंपाकघरात दिलं. नळाला पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येईल, हे प्रमाणवेळेत बसत नाही आणि सोलापूर टाइममध्येही नाही. आलं की बायको बटण दाबते आणि अख्ख्या बोळात बादल्या वाजायला लागतात. काट्याकडं कुणी बघत नाही.

परवा शेजारच्या काकू दारातनंच ओरडल्या, "वैनी, तुमचा भोंगा लई भारी हाय बघा!"

मी घसा खाकरून, शर्ट सारखा करून दारात गेलो.

"ओ दादा, बाजूला व्हा की," काकू म्हणाल्या, "पाइप ओढायचाय."