डबी जागच्या जागी

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हनमध्ये, डार्टमूर नावाचं एक उजाड माळरान आहे. शेरलॉक होम्सच्या वाचकांना ते ऐकून माहीत असतं, बास्करव्हिलांचा तो भयंकर कुत्रा तिथलाच. धुकं, दलदल, ग्रॅनाइटचे सुळके आणि एक जुना तुरुंग. अशा ठिकाणी सुटीच्या दिवशी चांगली पेन्शनीत निघालेली माणसं गुडघे टेकून दगडांच्या फटीत हात घालताना दिसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याने पाहिलंच, तर ती लगेच सँडविच खायला बसल्याचा आव आणतात. हातात सँडविच नसलं तरी.

ही मंडळी लेटरबॉक्सिंग करत असतात. खेळाची सुरुवात 1854 सालची. चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या अगदी आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. चिखल तुडवत तिथवर पोचणाऱ्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड तीत टाकायचं. पुढे लोक स्वतःच्याच पत्त्यावर लिहिलेली पत्रं तिथे ठेवू लागले. नंतर येणारा ती उचलून टपालात टाकायचा. ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही त्याच्या भरवशावर पत्र सोडून घरी वाट बघत बसायचं! आपण सख्ख्या शेजाऱ्याकडे लाइटबिल भरायला दिलं तरी संध्याकाळपर्यंत दोनदा आठवण करून देतो.

आता बाटलीच्या जागी घट्ट झाकणाची डबी असते. आत एक रबरी शिक्का आणि एक वही. खेळणाऱ्याजवळ स्वतःचा शिक्का आणि स्वतःची वही. अमुक सुळक्यापासून इतक्या अंशांवर, तमुक दगडापासून इतकी पावलं, अशा खुणांवरून डबी शोधायची, तिचा शिक्का आपल्या वहीत आणि आपला तिच्या वहीत उमटवायचा, आणि डबी होती तिथे ठेवून चालू लागायचं. डार्टमूरवर शंभर डब्या सापडल्या की हंड्रेड क्लबात प्रवेश मिळतो. पंच नाही, पंचनामा नाही. सगळा कारभार चालतो तो सभ्यपणावर.

लेखी नियम आहेत. प्राचीन शिळांच्या रांगा आणि दगडांच्या राशी यांत डबी लपवायची नाही, सिमेंट वापरायचं नाही, शेतकऱ्याचं फाटक जसं दिसलं तसंच सोडायचं. उत्तरेकडच्या भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, तेव्हा लाल निशाण दिसलं की आत शिरायचं नाही. एवढा एकच नियम पाळायला सभ्यपणाची गरज पडत नाही.

खरी परीक्षा असते ती बारीकसारीक गोष्टींत. आपण जांभळ्या शाईत शिक्का माखायचा आणि न पुसता ठेवून द्यायचा, की पुढच्याच्या हिरव्या शाईतून भलताच रंग उगवतो. डबीचं झाकण नीट बंद केलं नाही तर डार्टमूरचा पाऊस वहीचा लगदा करतो. सर्वांत धोकादायक मात्र सुधारणावादी माणूस. डबी सापडली की त्याला वाटतं, ही त्या पलीकडच्या दगडाखाली किती छान लपेल! तो ती छान लपवतो. नंतरचे लोक छापील खुणा हातात धरून मूळ दगडाभोवती प्रदक्षिणा घालत राहतात. चोर परवडला, कारण चोरीला गेलेली डबी निदान लोक शोधायचं थांबवतात.

1998 साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात या छंदावर लेख आला आणि छंद अमेरिकेत फोफावला. तिथे शिक्के बहुतेक हाताने कोरलेले, पुष्कळदा साध्या खोडरबरातून. त्यामुळे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कुणाचं हरिण कागदावर शेळीसारखं उमटलं तर काय बोलायचं? काहीच नाही. कोरताना त्या माणसाने बोट कापून घेतलेलं असू शकतं. वहीत छापाखाली ‘सुंदर’ लिहावं. प्राण्याचं नाव लिहिण्याच्या भानगडीत पडू नये.

काही डब्यांच्या खुणा कुठेच छापलेल्या नसतात, त्या फक्त तोंडी पुढे जातात. म्हणजे ठेवणाऱ्याने तुम्हाला सांगितलं, आता तुम्ही कुणाला सांगायचं ते तुमच्या पारखीवर. आणि समोरच्याने ‘सांगा ना’ म्हणून मागे लागायचं नाही. इंग्रज माणूस या बाबतीत जन्मतःच तयारीचा असतो. हाच खेळ आपल्याकडे असता तर ती खूण दुपारच्या आत फॅमिली ग्रुपवर आली असती, असं मला उगाच वाटतं.

अमेरिकन मंडळी नावापुढे आकडे लावतात. पहिला आकडा स्वतः ठेवलेल्या डब्यांचा, दुसरा सापडलेल्यांचा. हा क्रम मला फार आवडतो. दुसरा आकडा हजारावर आणि पहिल्याच्या जागी शून्य, असेही लोक भेटायचेच. त्यांना तोंडावर कुणी काही म्हणत नाही, ते रीतीला धरून नाही. पण खुणा सांगताना त्यांना जरा चढाच्या वाटेने पाठवत असावेत, असा माझा दाट संशय आहे.