वाजवून घेतलेली बोट

जुनी बोट घेण्याआधी ती जाणकाराकडून तपासून घ्यावी, असं सगळेच सांगतात. पण तपासणीची वेळ येईपर्यंत माणूस ती बोट मनाने घेऊन मोकळा झालेला असतो. तिचं नाव बदलायचं की आहे तेच ठेवायचं, यावर घरात वादही झालेला असतो. मग तो पदरचे पैसे मोजून सर्व्हेअर बोलावतो आणि ज्या बातमीसाठी पैसे मोजले, नेमकी तीच त्याने देऊ नये म्हणून देवाला साकडं घालतो.

फ्लोरिडात स्थायिक झालेल्या आमच्या एका मालवणी मित्राचं असंच झालं. त्याच्या मनात भरली होती बर्ट्रॅम ३१. तुम्हाआम्हाला ती एक जाडजूड पांढरी बोट दिसेल; मागे गळ टाकून बसायला ऐसपैस जागा, वर चढून हाकायला उघडा मजला, एवढंच. मायामीच्या धक्क्यावर मात्र तिचं नाव काढलं की माणसं हातातलं काम टाकून बोलायला येतात. १९६० च्या मायामी–नासाव शर्यतीत समुद्र खवळलेला असताना डिक बर्ट्रॅमची ‘मॉपी’ सुमारे आठ तासांत पोचली. दुसरी आली तीही रे हंट याच आराखडाकाराची. बाकीच्यांपैकी बहुतेकांना दुसरा दिवस उजाडला. हंटने तळ पुढून थेट मागेपर्यंत खोल व्ही आकाराचा ठेवला होता, अगदी मागच्या टोकालाही दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांचा उतार. त्यामुळे बोट लाटेवर आपटत नाही, लाट कापत जाते. मॉपी लाकडाची होती. पुढच्याच वर्षी तिच्याच घडणीची फायबरग्लासची ३१ फुटी बोट बाजारात आली आणि १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिली. आता हाच तळ बोट थांबली की तिला असा काही डोलवतो की गळाला मासा लागण्याआधी पोटातलं वर येतं. पण भक्त मंडळी याला दोष म्हणत नाहीत. क्लासिक म्हटलं की दोषांचा स्वभाव होतो.

सर्व्हेअर आला तो गुडघ्यांना पॅड बांधून. विजेरी, आरसा, ओल मोजायचं यंत्र आणि प्लास्टिकच्या डोक्याची एक छोटी हातोडी. बोटीच्या मालकाने हसून हात पुढे केला, तर याने आधी हात लावला तो इंजिनाला. नमस्कार नंतर. इंजिन गरम असेल तर कोणीतरी सकाळी येऊन गुपचूप चालवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू होताना खोकतं, धूर ओकतं, ते गिऱ्हाइकाने पाहू नये म्हणून. हे इंजिन थंड होतं. मित्राने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोराला पहिला पेपर सोपा गेला.

मग हातोडी सुरू झाली. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसंच. फक्त इथे माठ ३१ फुटांचा आणि वाजवणारा तासन् तास वाजवत बसणारा. जुन्या फायबरग्लास बोटींच्या डेकमध्ये अनेकदा दोन थरांच्या मध्ये बाल्साचं लाकूड किंवा प्लायवूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून रंग मात्र झकास दिसतो. धड जागेचा आवाज टणक येतो, कुजलेल्या जागेचा बद्द. टक, टक, टक, बद्द. तो थांबायचा, एक हात मागे यायचा, पुन्हा वाजवायचा आणि खडूने छोटी खूण करायचा. बोलायचा काहीच नाही. “हं” एवढंच. त्या ‘हं’चा अर्थ लावता लावता मित्राच्या कपाळावर घाम आला, अर्थात फ्लोरिडाचा उन्हाळाही होता.

बोट पट्ट्यांत घालून पाण्याबाहेर उचलली, तेव्हा तळाला फोड आहेत का ते पाहिलं. नंतर पाळी आली जस्ताच्या तुकड्यांची. खाऱ्या पाण्यात प्रोपेलर आणि दांडे झिजू नयेत म्हणून त्यांच्याऐवजी झिजायला हे तुकडे लावतात. इथले अगदी कोरे करकरीत निघाले. मालक खूश झाला, सर्व्हेअर चिंतेत पडला. ज्याने झिजायचं तो झिजत नसेल, तर त्याच्या वाटणीचं दुसरंच काहीतरी झिजत असणार. या तुकड्यांना जोडणाऱ्या तारेचं एक टोक सुटलेलं सापडलं, तेव्हा कुठे त्याचा चेहरा सैल झाला. दोष सापडला नाही की या माणसांना चैन पडत नाही.

पेट्रोलच्या टाकीपाशी तो बराच वेळ रेंगाळला. इथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून जुन्या बोटींतल्या काही फायबरग्लासच्या टाक्या आतून विरघळायला लागल्या. विरघळलेलं रेझिन जातं थेट इंजिनात. टाकी बदलायची तर मागची फरशी उघडावी लागते, आणि फरशी उघडली की तिच्याखालचं सगळंच दिसतं. मित्राने ही माहिती “बरं, बरं” म्हणत अशा घाईने ऐकली की ती त्याच्या कानापर्यंत पोचली असेल असं मला वाटत नाही.

अहवाल आला तो छोट्या कादंबरीएवढा. त्यात कुठेही ‘छान’ हा शब्द नव्हता. जास्तीत जास्त कौतुक म्हणजे ‘तपासणीच्या वेळी वापरण्याजोग्या स्थितीत’. बोट अजून दुसऱ्याची, त्यामुळे भोक पाडून बघता येत नाही, फळी उखडता येत नाही. म्हणून जे दिसलं नाही त्याची जबाबदारी आमची नाही, हे निरनिराळ्या शब्दांत बऱ्याच पानांवर होतं. संकटात पेटवायच्या फ्लेअर्सची मुदत संपलेली होती. ती बहुतेक प्रत्येक जुन्या बोटीत संपलेलीच असते. मला तर वाटतं, सर्व्हेअर ते वाक्य आधीच छापून आणत असतील.

वहिनींनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. मित्राने वाचला नव्हता. “एवढं सगळं सांगूनही तू घेणारच होतास, तर त्याला पैसे कशाला दिलेस?”

“अगं, विमावाले मागतात,” तो म्हणाला. हे खरंच होतं. इतक्या जुन्या बोटीला अहवालाशिवाय विमा मिळणं कठीण. शिवाय खडूच्या प्रत्येक खुणेमागे किंमत थोडी खाली येते, आणि मालकापुढे घासाघीस करायला स्वतःच्या तोंडापेक्षा तिऱ्हाइताचा कागद बरा पडतो. मालकाने आधी नाक मुरडलं, मग टाकीच्या पानाशी येऊन मुकाट्याने आकडा उतरवला.

व्यवहार ठरला तेव्हा मालकाने हळूच अहवालाची एक प्रत मागितली. इतकी वर्षं बोट वापरली, पण आत नक्की काय चाललंय हे कधी कळलंच नाही, म्हणाला. मित्राने ती दिली. आधी सर्व्हेअरच्या बिलातला अर्धा वाटा मागून पाहिला, पण मालवणी झाला तरी मालकापुढे त्याचं काही चाललं नाही.