बिडकीनच्या बिनपगारी सल्लागार मंडळास

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
करिअर मार्गदर्शन मंडळ (नोंदणी नसलेले),
चहाची टपरी, पैठण रोड, बिडकीन.

विषय : बारावी सायन्स झालेल्या मुलीने बी.एस्सी. नर्सिंग करावे की बी.बी.ए., याबाबत.

संदर्भ : १) अध्यक्षांचा तोंडी सल्ला, चहा पिताना. २) मोठ्या आत्याचा फोन, अवधी पाऊण तास. ३) मामांनी पुढे पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश, न वाचता.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझा निकाल लागल्यापासून मंडळाने माझ्यासाठी जे कष्ट उपसले त्यांना तोड नाही. मार्क विचारायला आलेला प्रत्येक जण पेढा खाऊन आणि सल्ला ठेवून गेला. पेढे संपले. सल्ले शिल्लक आहेत, म्हणून हे पत्र.

मंडळाचं म्हणणं मी नीट लिहून घेतलं आहे. अध्यक्ष : "नर्सिंग? रातपाळी असती त्यात. पोरीच्या जातीला कशाला? बी.बी.ए. कर. इथं टोयोटा यायलीय, मॅनेजर होशील, एसीत बसशील." आत्या : "नर्स चालती, पण सरकारी. लग्नाला बरं पडतं." गुरुजी : "नर्सिंग कर आणि जर्मनी गाठ." मामांचं मत संदेशात होतं, पण तो संदेश हळदीच्या दुधाचा निघाला.

मंडळाच्या अधिकाराबद्दल मला शंका नाही. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये (डीएमआयसी) जमिनी गेल्या तेव्हा एकरी २३ लाख रुपये मोबदला मिळाला. त्या पैशाचं काय करायचं, हे मंडळातल्या बहुतेकांनी कुणालाही न विचारता ठरवलं. आधी गाडी आली, मग गाडीला शोभेल असा बंगला, मग बंगल्याला शोभेल असं लग्न. गाडी अजून दारात आहे. शेत मात्र कंपाउंडच्या पलीकडे गेलं. एवढा अनुभव गाठीशी असताना 'बिझनेस' या विषयावर मंडळानं बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं?

तरी एक शंका राहिली. बी.बी.ए. म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मॅनेजमेंट." कशाचं, विचारलं तर म्हणाले, "सगळ्याचं." हे उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवते आहे.

मंडळाच्या आग्रहाखातर मी बी.बी.ए.चीही सीईटी दिली. हा अभ्यासक्रम २०२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत आला आणि आपल्या राज्यात त्याला सीईटी लागली. पहिल्याच वर्षी इतक्या जागा रिकाम्या दिसू लागल्या की परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नाव बदलून सीईटीतून अंग काढून घेतलं. मॅनेजमेंट म्हणतात ते हेच असावं.

आता टोयोटाकडे वळू. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला पंतप्रधानांनी ७,८५५ एकरांचं बिडकीन औद्योगिक क्षेत्र दूरदृश्य प्रणालीवरून राष्ट्राला अर्पण केलं. तेव्हापासून टपरीवर रोज एक कारखाना उभा राहतो आणि त्यातल्या एसी केबिनमध्ये मला बसवलं जातं. पण शंभर माणसं लाइनवर नट आवळतात तेव्हा केबिनमध्ये एखादाच बसतो. तो बहुधा इंजिनिअर असतो, वर एमबीए केलेला, आणि पुण्याहून आलेला.

उलट कायदा काय म्हणतो ते मंडळानं ऐकून ठेवावं. १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून नियम असा आहे की, पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उपचार कक्ष (अ‍ॅम्ब्युलन्स रूम) हवा आणि तिथं डॉक्टर आणि नर्सिंगची माणसं हवीत. पाचशे कामगारांमागे एक बी.बी.ए. असावा, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं.

कारखाना आला म्हणजे जन्माची भाकरी झाली, असं म्हणत असाल तर शहराकडे जाताना चितेगावला एसटीच्या खिडकीतून जरा बाहेर बघा. व्हिडिओकॉनचे टीव्ही, फ्रिज तिथं बनायचे. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मॅनेजर तिथंही होतेच.

आता रातपाळीचा मुद्दा.

मागच्या साली अध्यक्षांच्या मातोश्री शहरातल्या एका दवाखान्यात दहा दिवस होत्या. मी सोबतीला होते. एका रात्री दोनला आजींचा सलाइनचा हात सुजून टम्म झाला. अध्यक्ष अनवाणी उठून "सिस्टर, सिस्टर" करत वॉर्डभर धावले. त्या घटकेला त्यांना रातपाळी खटकली नाही. सिस्टर आल्या. सुई काढली, दुसऱ्या हाताला नस शोधली, आजींना कुशीवर वळवून पाठ पुसली, ओली चादर बदलली, "आजी, जेवण गेलं का?" असं विचारलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. वॉर्डात तीसेक खाटा होत्या आणि सिस्टर एकट्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष मोठ्या शिकाऊ रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका, असा आहे. त्या बाई सहा जणींचं काम करत होत्या आणि वर आजींच्या जेवणाची चौकशीही.

डिस्चार्जच्या दिवशी अध्यक्षांनी मोठ्या डॉक्टरांना शाल-नारळ दिला. सिस्टरांना आडनाव विचारलं.

नाथषष्ठीला दिंड्या आपल्याच रोडनं पैठणला जातात. मंडळ त्यांना चहा-फराळ देतं, हे मी लहानपणापासून बघते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं लेकरू नाथांनी जात न बघता कडेवर घेतलं, ही कथा कीर्तनात आली की मंडळ डोळे पुसतं. तेच काम एखादी मुलगी आठ तासांच्या पाळीत करू लागली, की स्थळ नाकारायच्या वेळी त्याच मंडळाला तिची रातपाळी आठवते.

तरीही नर्सिंगची बाजू लावून धरताना तिच्यातली भोकं झाकणार नाही. खासगी दवाखान्यात नर्सचा पगार किती असतो, हे मी दोन-चार जणींना विचारलं. त्या आधी हसल्या, मग आकडा सांगितला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती : दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना २० हजारांच्या खाली जाऊ नये. शिफारस अजून कोरी करकरीत आहे, फारशी वापरलेली नाही. कारण 'सेवा' हा शब्द नर्सच्या बाबतीत फार सोयीचा पडतो. डॉक्टरांची फी असते, मॅनेजरचं पॅकेज असतं, नर्सची सेवा असते. सेवेनं पगार मागितला की ती बाटते.

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी याच मंडळानं गच्चीवर उभं राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ताटं बडवली. आमच्या एका ताटाला तेव्हाचा पोचा अजून आहे. पुढे मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा मंडळाचा प्रश्न एकच होता : "पेशंटचं काय?" ताट कुणीच काढलं नाही.

गुरुजींच्या जर्मनीबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत, हे खरं. पण गुरुजी, हजार लोकांमागे तीन नर्स असाव्यात असं मानतात आणि आपल्या देशात त्या दोनच्या आसपास आहेत. त्यातली एक मी होण्याआधीच तुम्ही मला विमानात बसवताय.

एवढ्या सगळ्या सल्ल्यांत 'तुला काय जमेल' हे मंडळातल्या कुणीच विचारलं नाही. ते आईनं विचारलं. आई बाजारात भाजी विकते. भाकरी थापता थापता म्हणाली, "रगत बघून चक्कर येती का तुला?" म्हटलं, नाही. "दुसऱ्याची घाण काढताना किळस?" म्हटलं, आपल्या आजीचं सहा महिने मीच केलं ना. मग तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाली, "आन गिऱ्हाइकाला खोटं हसता येतं का?" तेही नाही म्हटलं. "मग झालं की," ती म्हणाली, आणि दोन पदव्यांमधला माझा घोळ भाकरी फुगायच्या आत मिटला.

बी.बी.ए.शी माझं भांडण नाही. हिशेबात आणि बाजारात ज्याचं मन रमतं त्यानं ते जरूर करावं. अध्यक्षांच्या चिरंजीवांना गाडी विकत घेण्यापेक्षा विकण्यात रस असेल तर त्यांनी आधी करावं. आणि मॅनेजमेंट सुटलं म्हणून मंडळानं हळहळू नये. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत सहाव्या सेमिस्टरला व्यवस्थापन आणि नेतृत्व हा विषय आहेच. नर्सला मॅनेजमेंट शिकवतात, बी.बी.ए.ला सलाइन लावायला शिकवत नाहीत.

सबब, मी नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला आहे. मंडळास विनंती अशी :

१) १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून विचारावं, गावातल्या सरकारी दवाखान्यात नर्सची पदं मंजूर किती आणि भरलेली किती. टपरीवर जो आवाज लागतो, तोच तिथं लागावा.

२) दवाखान्यातून घरी निघताना शाल एकच असेल तर ती कुणाला द्यायची, याचा थोडा विचार व्हावा.

३) माझ्या लग्नाचा विषय निदान चार वर्षं तहकूब ठेवावा.

आपली, अजून तरी आज्ञाधारक,
भाची

प्रत माहितीस्तव :
१) मोठी आत्या (फोनवर वाचून दाखवण्यात येईल).
२) मामा (कृपया वाचून मगच पुढे पाठवावे).
३) आई. फॉर्मची फी तिनं भाजीच्या गल्ल्यातून भरली आहे. पावती सोबत जोडली आहे.