घोडा बदलापूरला गायब होतो

मुलगा घरी बसून नेमकं करतो काय, याचा निकाल बदलापुरात सोसायटीच्या गेटवर लागतो. मी आईला एकदा नीट समजावलं होतं, "अगं, ओपन सोर्स गेम इंजिन आहे. त्यातले क्रॉस-प्लॅटफॉर्म बग मी काढतो." त्यातले तिच्या ओळखीचे शब्द दोनच, इंजिन आणि प्लॅटफॉर्म. आठवड्याभरात तळमजल्यावरच्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "रेल्वेत लागलास म्हणे! लोको की ट्रॅफिक?" पगार नाही म्हटल्यावर ते गंभीर झाले. "मग अप्रेंटिस असशील. पण ते क्रॉस-बिस करू नकोस हं. पूल आहे, पुलावरून जा."

गेम इंजिन म्हणजे खरं तर मंगल कार्यालय. मांडव, माइक, भांडीकुंडी त्यांची. नवरा-नवरी तेवढी आपण आणायची. ओपन सोर्स म्हणजे त्याच्या भटारखान्यात कोणीही शिरावं आणि आमटीत मीठ घालावं. फक्त घालण्याआधी दहा जण चव घेऊन वाद घालतात. यातलं नामांकित कार्यालय म्हणजे अर्जेंटिनातल्या दोघांनी उभारलेलं आणि २०१४ साली सगळ्यांना खुलं झालेलं 'गोदो'. नाव बेकेटच्या नाटकावरून. त्यात दोघे जण गोदोची वाट बघत बसतात आणि तो काही येत नाही. आमच्या स्टेशनवर हे नाटक रोज होतं, फक्त पात्रं दोनऐवजी दोन हजार असतात. मी राबतो ते इंजिन मात्र अगदीच छोटं, गल्लीतल्या हॉलएवढं.

त्यावर चालेल असा एक खेळ मी रचला. पूर्वी इथे घोडे बदलत म्हणून गावाला बदलापूर म्हणतात, असं जुनी माणसं सांगतात. माझा स्वार कल्याणहून निघतो, बदलापूरला घोडा बदलतो आणि दौडत पुढे जातो. निदान तसा बेत होता.

खेळ तपासायला माझ्याकडे तीन गावं होती. बदलापुरात माझा लिनक्स. उल्हासनगरात जीन्सच्या दुकानातला मित्र. दिवसा ज्या विंडोजवर बिलं बनवतो, त्याच्यावरच रात्री खेळाची चित्रं काढतो. अंबरनाथला एक मैत्रीण. तिच्याकडे पत्त्यांच्या कॅटाएवढा 'रास्पबेरी पाय' नावाचा कॉम्प्युटर. लोकलने तिन्हीकडे जायचं, खिशात पेनड्राइव्ह. याहून क्रॉस-प्लॅटफॉर्म काम मध्य रेल्वेतही कोणी करत नसेल.

पहिल्याच दिवशी उल्हासनगरात घोडा उत्तम बदलला. माझ्याकडे मात्र बदलापूर आलं की घोडा गायब, आणि स्वार हवेत बसून पुढे! दोन रात्री गेल्यावर कळलं की मित्राने फाइलच्या नावात 'घोडा'चा जी कॅपिटल केला होता आणि मी कोडमध्ये छोटा लिहिला होता. विंडोजला दोन्ही सारखेच. लिनक्सच्या लेखी हे दोन वेगळे प्राणी, त्यांचा एकमेकांशी परिचय नाही. मराठी माणसाला ही चूक सुचतच नाही, कारण आपल्या अक्षरांत थोरला-धाकटा भेदच नाही. शेवटी इंजिनातच दुरुस्ती केली. नाव अक्षरशः जुळलं नाही, तर विंडोजवरही तिथल्या तिथे ओरडायचं.

मग मित्राचा फोन. "यार, मेरा स्कोर माइनस में कैसे गया?" मी गुण मोजायला 'लाँग' नावाचं माप वापरलं होतं. ते माझ्याकडे ६४ बिटांचं, त्याच्याकडे ३२ बिटांचंच. त्याची मजल २१४ कोटींपर्यंत, पुढे गेलं की आकडा उलटून वजा. वीत ज्याची त्याची असते, हे आजीला ठाऊक होतं. मला कॉम्प्युटर शिकूनही नव्हतं. मित्राला मी समजावू लागलो की एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालता करणं म्हणजे पोर्टिंग, तर तो हसला. "हमारे दादाजी सिंध से पोर्ट होके आए थे. मिलिटरी कॅम्प में उतरे, गांव का नाम उल्हासनगर पडा १९४९ में. पोर्टिंग हमको मत सिखा."

खरा पराक्रम अंबरनाथला झाला. अडखळल्यावर घोड्याने एक पाऊल मागे घ्यायचं होतं. मैत्रिणीच्या यंत्रावर तो २५५ पावलं पुढे उडाला. "अरे, हा कर्जतला पोचला!" ती म्हणाली. पावलं मी 'कॅर' या छोट्या डब्यात ठेवली होती. या डब्यात वजा आकडा चालतो की नाही, हे सी भाषा स्वतः ठरवत नाही, कंपायलरवर सोडते. माझ्या पीसीवर चालत होता. तिच्या एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर चालत नव्हता, म्हणून वजा एकचे झाले २५५.

तेवढ्याशा यंत्रावर इंजिन नव्याने बांधायला लावलं की माणसाने देवदर्शन उरकावं. आम्ही शिवमंदिरात गेलो. तिथल्या शिलालेखात शक संवत ९८२ असं साल आहे, म्हणजे इसवी सन १०६०. "बघ," ती म्हणाली, "नुसता ९८२ कोरला असता तर आपण पाऊणशे वर्षं चुकलो असतो. कोरणाऱ्याने कुठलं संवत ते लिहिलं. तू लिहिलंस का?"

परतताना लोकलमध्ये काका भेटले. दारात एक नवखा विचारत होता, "बदलापूर कुठल्या साइडला येतं?" काका मला हळूच म्हणाले, "विचारणारा कधी चुकत नाही बघ. रोजचा चुकतो, ज्या दिवशी गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मला घेतात त्या दिवशी." आठवडाभर मी जे इंग्रजीत वाचत होतो, ते काकांनी अंबरनाथ ते बदलापूर एवढ्यात सांगून टाकलं. आपली सवय म्हणजेच जगाचा नियम, असं धरून चाललं की बग होतो.

त्या रात्री मी 'कॅर'च्या आधी 'साइन्ड' हा एक शब्द घातला. इंग्रजीत सहा अक्षरं. त्यावर दहा जणांनी चार दिवस वाद घातला आणि मीठ बरोबर आहे असं ठरलं.

आता घोडा तिन्ही गावांत नीट बदलतो. पगार अजून नाहीच, आणि लोकलचा पास मी स्वतःच्या पैशाने काढतो. तेवढं काकांना सांगू नका. रेल्वेवाल्याला पास फुकट असतो.