अष्टमीचा समुद्र

कोणी ‘रिलॅक्स व्हा’ म्हटलं की माझे खांदे कानांपर्यंत चढतात. आजवर माझा एकच फोटो बरा आलाय, आधार कार्डावरचा. तिथे हसायची सक्ती नव्हती. त्यामुळे ‘समुद्रावर फॅमिली फोटो, एकदम रिलॅक्स!’ असं बहिणीने ग्रुपवर टाकलं तेव्हा मी गप्प राहिलो. माझ्या फोनवरून होकाराचा अंगठा बायकोने दिला.

पाठोपाठ परिपत्रक आलं. कपडे पांढरे-निळे, पण ठरवून घातल्यासारखे दिसता कामा नयेत. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. ओल्या वाळूवरून सहज चालायचं. सहाच्या ठोक्याला किनाऱ्यावर हजर.

आम्ही कर्जतचे. आमच्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, ते अलिबागच्या पाण्यातल्या किल्ल्यावरून. पण कर्जत-खालापूरच्या वाट्याला त्यातलं पाणी कधी आलंच नाही. आमच्या घरात ‘अलिबागला जाऊन आलो’ म्हणजे कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. काम झालं का, हे विचारायची पद्धत नाही.

खोपोलीपर्यंत सगळे पांढरेशुभ्र होतो. पेणला मिसळ खाल्ली, आणि भाच्याच्या शर्टावर तर्री उतरली. बायकांनी पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली, ती ठेवायला माझी मांडी होतीच. वडखळला गाड्यांची रांग लागली होती. ती इतकी निवांत होती की मेव्हण्याने खाली उतरून पांढऱ्या कांद्याची माळ घेतली, तीही घासाघीस करून. पेणनंतर ड्रेसकोडमध्ये बसणारी तेवढी एकच वस्तू गाडीत होती. बहीण मागून दर पाच मिनिटांनी ओरडत होती, “कुणी टेन्शन घेऊ नका रे!”

अलिबागला पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. आणि वाळू नव्हती. म्हणजे असेल, पण पाण्याखाली. लाटा थेट बांधावर आपटत होत्या. फोटोग्राफर पोरगा तिवई खांद्यावर घेऊन पायरीवर उभा होता. किल्ला चहूबाजूंनी पाण्यात, सुरेख दिसत होता; त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. ओहोटीला किल्ल्यापर्यंत माणसं नेणारा घोडागाडीवाला तंबाखू मळत म्हणाला, “तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. आज आठमी. आठाची पाऊणपट सहा.”

“आठमीच हाय,” आजी म्हणाली. “मला इचारायचं ना. सकालपासून उपास हाय माजा.”

उरलेल्या सूर्यात आम्हाला बांधावर ओळीने बसवलं. तर्रीवाला भाचा मागे, पापडवाला मी पुढे. “काका, जरा सहज!” पोरगा ओरडला. मी सहज झालो. बायको म्हणाली, दात दुखतोय का?

आजी मात्र केव्हाच पायऱ्या उतरून लुगडं खोचून पाण्यात उभी होती. मी धावत गेलो, रागावलोच. तिने माझा हात धरला आणि विचारलं, “एवढं पानी सोडतो कोन?”

तिचं सगळं आयुष्य राजनाल्याच्या काठी गेलं. भिवपुरीला टाटांचं वीजघर १९२२ पासून चालतंय. घाटावर ठोकरवाडी धरणात साठवलेलं पाणी खाली येऊन चक्रं फिरवतं आणि पुढे उल्हासला मिळतं. त्याच पाण्यावर राजनाला चालतो, आणि नाल्याला पाणी सुटलं की आमच्याकडे उन्हाळी भात होतं. ते कधी सुटणार याची चौकशी करतच ती म्हातारी झाली. चंद्र, असं मी सांगितलं. तिने वर बघितलं. अर्धा चंद्र होता.

“रोज सोडतो?”

“रोज दोनदा.”

“बिनपैशाचं?” असं म्हणून ती कितीतरी वेळ हलली नाही. माझा हातही तिने सोडला नाही. बहिणीच्या हाका चालू होत्या. माझे खांदे कुठे होते, मला आठवत नाही.

तेवढ्यात त्या पोराने पाठमोरा एक फोटो काढला. आमचे चेहरे त्यात नाहीत, म्हणून घरात तो सर्वमान्य आहे.

तर कर्जत-खालापूरकरांनो, संध्याकाळचे फोटो काढायचे तर अष्टमी टाळा, दोन्ही पंधरवड्यांतली. पुनवेला किंवा अवसेला जा. भरती दुपारी बाराच्या आसपास उरकते आणि सहाला हवी तेवढी वाळू मिळते. पांढरे कपडे पेण ओलांडल्यावर घाला. आणि तारीख ठरवण्याआधी घरात उपास कोण करतं ते बघा, त्यांना विचारा.