करमाडचे काळे स्वामी

करमाडात काळा शर्ट घालणारे ढिगाने सापडतील. पण काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट, काळी नखं आणि डोळ्यांत काजळ असा सगळा ऐवज अंगावर बाळगणारा एकच. त्याचं बारशातलं नाव गावाने केव्हाच बाजूला ठेवलं. आता तो नुसता ‘काळे’. पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून विचारतो, काळे आहेत का घरी? माय बिचारी म्हणते, “बाकीच्यायची संक्रांत एक दिवस असती, ह्याची बारा महिने कामून रं?” लहानपणी तीट लावताना आळी डोक्यावर घेणारं हे पोर आता आपल्या हाताने बोटभर काजळ घालतं, हे तिला अजून पचलेलं नाही.

काळे गॉथिक-इंडस्ट्रियल संगीताचा भक्त आहे. हे काय असतं, ते त्याला टपरीवर कोणी विचारू नये. चहा थंड होतो. १९७६ साली लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल नावाच्या चौघांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि कारखान्यातल्या गोंगाटाला गाण्यात घेतलं. १९८० साली बर्लिनमध्ये आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन हा बँड निघाला, तो तर पत्रे, ड्रिल आणि भंगारच वाजवतो. (हे नाव काळे एका दमात घेतो. गावात त्याच्याबद्दल जो थोडाफार आदर आहे, तो एवढ्यासाठीच.) गॉथिकची गोष्ट वेगळी. १९७९ साली बाउहाउस या इंग्लिश बँडने सिनेमातल्या जुन्या ड्रॅक्युलावर, बेला लुगोसीवर, नऊ मिनिटांहून लांब गाणं केलं, आणि तेव्हापासून उदास चेहऱ्याने काळे कपडे घालायची रीत पडली. टपरीवाला सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, “आपल्याकडं भंगारवाला रोज ओरडत जातो. त्याला कोणी माइक दिला का?”

टपरीवाल्याला जे कळत नाही ते मलाही फारसं कळत नाही. काळे नोकरीला शेंद्रा एमआयडीसीत, पॉवर प्रेसवर. पत्र्याची पट्टी आत सारायची, धाड. पार्ट बाहेर, धाड. पाळी संपेपर्यंत हेच. कानात बोळे घालायची कंपनीची सक्ती आहे आणि तो ते निमूट घालतो. मग घरी येतो, बोळ्यांच्या जागी हेडफोन घालतो आणि पुन्हा तेच धाड धाड ऐकत डोळे मिटून पडतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “काका, कंपनीतलं धाड टार्गेटसाठी असतं. ह्यात दुःख असतं.” दुःख तर टार्गेटमध्येही असतं, पण मी वाद घातला नाही. बुटांचं मात्र त्याने साधून घेतलंय. पुढे लोखंडी टोपी असलेले जे बूट युरोपातली ही मंडळी पदरचे पैसे मोजून घेतात, ते त्याला सेफ्टीच्या नावाखाली कंपनीच देते.

त्याची पंढरी आहे जर्मनीतल्या लाइपझिगला. १९९२ पासून तिथे दर पेंटेकॉस्टच्या सुट्टीत ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफेन’ भरतं, वीसेक हजार काळे लोक जमतात आणि बागेत जुन्या काळचे झगे घालून सहभोजन करतात. तिकडचं विमान त्याच्या पगारात बसत नाही. मग आपल्याकडे मेटलचे मेळे होतात त्यांत एखादा बँड काळोख्या वळणाचा निघतो, त्यावर भूक भागवायची. मागच्या डिसेंबरात मुंबईत असा एक मैदानी मेळा होता. मायने मला सोबत धाडलं. “भाऊजी, तुमी संगं असले म्हंजी लोक त्याला मारायचे न्हाईत.”

तयारी आठवडी बाजारात झाली. गाईबैलांच्या सामानाच्या दुकानात काळेने कुत्र्याचा खिळ्यांचा पट्टा उचलला आणि स्वतःच्या गळ्याला लावून पाहिला. धनगरांच्या कुत्र्यांना लांडग्याने नरडं धरू नये म्हणून असतो तो. दुकानदाराने शांतपणे विचारलं, “कुत्रं केवढं हाय?” काळे म्हणाला, “माझ्याएवढं.” म्हाताऱ्याने दोन भोकं वाढवून दिली. मग साखळी. “म्हशीची देऊ का शेळीची?” काळेने वजन करून पाहिलं आणि शेळीची घेतली. मुंबईत लोकलमध्ये चढायचं होतं.

रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सिकंदराबादकडून येते, आणि डिसेंबर म्हणजे अय्यप्पाच्या व्रताचा हंगाम. काळे कपडे, वाढलेली दाढी, गळ्यात काहीतरी. डब्यात शिरताच एका तेलुगू कुटुंबातले आजोबा उठून हात जोडून म्हणाले, “स्वामी शरणम्!” आणि खिडकी रिकामी करून दिली. काळे नाही म्हणेपर्यंत त्याच्या हातात केळी आली. काजळाचा खुलासा मागितला नाही कोणी. मला मात्र मनमाडपर्यंत उभं राहावं लागलं, कारण मी पांढऱ्या शर्टात होतो.

मेळा दुपारी तीनला सुरू झाला. अंधाराचे उपासक आणि मुंबईतलं तीनचं ऊन! दारातल्या सिक्युरिटीने खिळ्यांचा पट्टा पाहून मान हलवली. टोकदार वस्तू आत चालत नाहीत. लांडग्यांपासून वाचवणारा पट्टा प्लास्टिकच्या टोपल्यात लायटर, परफ्यूम आणि कोणाच्या तरी नेलकटरशेजारी जाऊन पडला. आत मैदानभर झाडाचं नाव नव्हतं. पांढरंफटक दिसण्यासाठी लावलेली पावडर घामाने भेगाळली आणि काजळ उतरून गालांवर आलं. चार वाजता तिथली सगळीच मंडळी खरोखर दुःखी दिसू लागली. घोट्यापर्यंतचा चामडी कोट घातलेला एक पिशाच्चवेषधारी पाण्याच्या टँकरच्या सावलीला बसून कोकम सरबत पीत होता. त्याच्याशेजारी काळ्या ओठांचा एक पोरगा फोनवर सांगत होता, “हो आई, जेवलो. हो, टोपी घातलीये.”

संध्याकाळी एक गोष्ट झाली ती सांगायला हवी. अंधार पडल्यावर एक बँड आला. नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, फलकावर ते झाडाच्या मुळांसारखं लिहिलेलं होतं. ढोल आणि त्याखाली मशीनचा एकसुरी ठोका. काळेने डोळे मिटले आणि त्याचा उजवा हात आपोआप हलू लागला: पुढे सार, थांब, मागे घे. पट्टी आत, पार्ट बाहेर. आजूबाजूची पोरं डोकी हलवत होती, उड्या मारत होती. हा एकटा प्रेस चालवत होता, आणि ठोका चुकत नव्हता. शेजारच्या दोघांनी ती नाचाची नवी तऱ्हा समजून उचलली. थोड्या वेळाने ती रांगच्या रांग शेंद्र्याची दुसरी पाळी करत होती.

आणि बरोबर दहाला सगळं बंद. २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा नाही. गणपती-नवरात्राला मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते. पिशाच्चांना ती सवलत नाही. एक पिकल्या केसांचा रॉकवाला हळहळत होता की १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं ते धोबी तलावच्या रंगभवनात, आणि पुढे तेच शांतता क्षेत्रात गेलं. तरुण मंडळी ऐकत नव्हती, ती शेवटची लोकल गाठायच्या गडबडीत होती.

आम्हाला गाडी सकाळची, तपोवन. रात्र सीएसएमटीवर काढली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ दहा वर्षं खपून ही इमारत उभी केली: टोकदार कमानी, रंगीत काचा, भिंतीतून मान काढून दात विचकणारे दगडी प्राणी. २००४ साली ती जागतिक वारशात गेली. मी म्हटलं, “बघ, हे अस्सल गॉथिक. तिकीट दहा रुपये प्लॅटफॉर्मचं.” तो पिशवी उशाला घेऊन आडवा होता. बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, “काका, ह्याच्यात आवाज पाहिजे होता.” तेवढ्यात इंडिकेटर बदलल्याची घोषणा झाली. पहाटे एका पोलिसाने त्याला हलवून उठवलं आणि हळू आवाजात दटावलं, “स्वामी, व्रतात बूट घालतात का? एक्केचाळीस दिवस अनवाणी राहायचं असतं.” काळेने मुकाट्याने बूट काढले आणि गाडी येईपर्यंत मोज्यांवर बसला. मोजेही काळेच होते.

दुपारी संभाजीनगरला उतरून काळी-पिवळीत कोंबून करमाड गाठलं. पाळीला तासभर होता. माय काही बोलली नाही, तिने तांब्याभर पाणी आणि साबण पुढे केला. ओसरीवर आजोबा होते. तरुणपणी माळेगावच्या जत्रेत खंडोबाच्या नावाखाली तमाशाचे फड पाहायला जाणारा हा माणूस. घरात नीट चौकशी केली ती त्यांनीच.

“फड किती व्हते?”

“सात, आबा.”

“सुरू कवा झाला?”

“दुपारी तीनला. दहाला बंद.”

“दहाला?” आबा उठून बसले. “आमच्या वक्ताला दहाला तर गण सुरू व्हायचा! बरं, सोंगाड्या कोण व्हता?”

काळेने तोंड पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप तोंडाला लावला.