परिचारिका द्या, उत्साह घ्या

ब्रिटनमधल्या तरुणांच्या दातृत्वाला तोड नाही. शाळा संपलेली, वैद्यकीय कॉलेजचा प्रवेश अजून व्हायचा, हाताशी दोन आठवडे मोकळे. अशा वेळी माणूस काय शेजारच्या आजीबाईंची पिशवी उचलत बसेल? तो एजन्सीला भरभक्कम शुल्क भरून घानाला जातो आणि गरीब मुलांचं आरोग्य सुधारतो. रक्तदाब कसा मोजायचा, हे तो तिथेच शिकतो. त्यामुळे मुलांनाही विद्यादानाचं पुण्य लागतं. पहिल्या टोचणीत शीर सापडली नाही, तर दुसरा हात असतोच.

काही कुजकट लोक विचारतात, घानात प्रशिक्षित परिचारिका नाहीत का? आहेत की! त्यातल्या पुष्कळशा ब्रिटनच्या रुग्णालयांत आहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांची तीव्र चणचण असलेल्या ५५ देशांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये काढली आणि तिथली माणसं मुद्दाम ओढून नेऊ नका, असं बजावलं. घाना त्या यादीत आहे. यादीवाल्यांना व्यवहार कळत नाही, दुसरं काय! अनुभवी परिचारिका गेली, तर बदल्यात अठरा वर्षांचा उत्साह आला, तोही स्वखर्चाने. शिवाय त्या बाईला मुलांबरोबर सेल्फी काढायला कधी सवड होती?

हा लाभ एकतर्फी राहू नये. घानाची राजधानी आक्रा इथल्या शाळा संपवलेल्या मुलांनीही लंडनच्या बालरुग्णालयात दोन आठवडे टोचाटोची करून यावं, अशी आमची नम्र सूचना आहे. अडचण एवढीच की तिथे दारातच विचारतात, ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’